अर्ध्या तासाचा यमन कुणाच्या भरवशावर?

रेडिओ केंद्र विकलं गेलं, दुसऱ्या कंपनीत विलीन झालं किंवा वरून आलेल्या एखाद्या परिपत्रकाने त्याचा कारभार बदलला, की पहिली कात्री लागते ती प्रायोजक नसलेल्या वेळेला. आणि ज्या वेळेला प्रायोजक मिळत नाही, त्या वेळेत बहुतेकदा कुणीतरी यमन नाहीतर बिहागसारखा राग गात असतं. ही कात्री लावणारा माणूस संगीताचा शत्रू असतो असंही नाही. त्याच्यासमोर एक तक्ता असतो आणि त्या तक्त्यात त्या अर्ध्या तासासमोर शून्य लिहिलेलं असतं, एवढंच.

कोकणात या विषयावर बोलणं म्हणजे हौशी लोकांची हळहळ, असा समज आहे. मला तो चुकीचा वाटतो. माझं म्हणणं असं, की शास्त्रीय संगीताला रेडिओवर जागा मिळणं हे मालकाच्या आवडीवर सोडलं की ती जागा आज ना उद्या जाणारच. मग मालक व्यापारी असो, सरकार असो किंवा स्वतः गाणं कळणारा असो. ती जागा परवान्यात आणि नियमात लिहिलेली असली पाहिजे. कोकणात जमीन विकली तरी तिच्यातून जाणारी वहिवाट नव्या खरेदीदाराला मोडता येत नाही. ध्वनिलहरींच्या बाबतीत असली वहिवाट आपण कधी मागितलीच नाही.

आधी किनाऱ्यावर काय ऐकू येतं ते बघू. अलिबाग-मुरुडकडे समुद्रावरून मुंबईची खासगी एफएम केंद्रं येतात. दक्षिणेला बांदा, शिरोडा, रेडी या भागात गोव्याची केंद्रं लागतात. मधला सगळा पट्टा आकाशवाणीचा: १९७७ साली सुरू झालेलं रत्नागिरी केंद्र आणि त्यानंतरचं सिंधुदुर्गनगरीचं. खासगी एफएमच्या तिसऱ्या टप्प्याचं धोरण २०११ साली आलं तेव्हा एक लाखापेक्षा जास्त वस्तीची शहरं ही साधारण कसोटी ठेवली गेली. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत मिळून लाखाचं एकही शहर नव्हतं. म्हणजे बाजाराच्या हिशेबात आम्ही अजून जमेतच नाही. काहींना हे भाग्य वाटेल. मला वाटतं, ही फक्त मिळालेली मुदत आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. लहान शहरांकडे सरकणारी ही रेघ उद्या आमच्या दारातही येईल, आणि तेव्हा विचार करायला बसलो तर उशीर झालेला असेल.

मालकी बदलण्याचा अनुभव या किनाऱ्याला नवा नाही. पणजीला १९४६ साली पोर्तुगीज सरकारचं ‘एमिसोरा द गोवा’ सुरू झालं. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि ते केंद्र आकाशवाणीकडे आलं. एका राजवटीचं केंद्र दुसऱ्या राजवटीचं झालं आणि ऐकणाऱ्याच्या कानावर पडणारं सगळंच पालटलं. तो बदल आपल्याला हवा होता, म्हणून त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही, करायचं कारणही नव्हतं. पण त्यातून दिसतं ते हेच, की केंद्रावर काय वाजेल हे मालक ठरवतो आणि श्रोत्याला त्यात विचारत नाहीत.

खासगी एफएमचा इतिहास तर मालकी हस्तांतराचाच आहे. देशातलं पहिलं खासगी एफएम केंद्र २००१ साली बेंगळुरूत सुरू झालं, रेडिओ सिटीचं. सुरुवातीला ते स्टार समूहाशी जोडलेलं होतं, मग एका गुंतवणूक निधीकडे गेलं आणि पुढे जागरण समूहाकडे. बिग एफएम रिलायन्सच्या अनिल अंबानी गटाचं. ते दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलं आणि २०२४ मध्ये नव्या मालकाच्या हाती आलं. यात बेकायदा काहीच नाही. धंदा म्हटला की खरेदी-विक्री आलीच. कायद्याने मालकीवर मर्यादाही घातल्या आहेत: देशभरातल्या एकूण वाहिन्यांपैकी एका कंपनीकडे पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त नकोत (ही अट २०२३ साली काढून टाकली), एका शहरात चाळीस टक्क्यांपेक्षा जास्त नकोत, परवाना मिळाल्यावर काही वर्षं मुख्य भागधारकाने हिस्सा विकायचा नाही. शुल्क किती, परकीय गुंतवणूक किती, मनोऱ्याची उंची किती, हे सगळं बारकाईने लिहिलंय. वाहिनीवर कुठल्या प्रकारचं संगीत वाजलं पाहिजे याबद्दल मात्र चकार शब्द नाही. काय वाजवू नये याची आचारसंहिता आहे, आणि ती असायलाच हवी. पण आठवड्यातून एक तास तरी या प्रदेशातल्या गाणाऱ्या माणसाला द्या, असं कुठेही म्हटलेलं नाही.

तिसऱ्या टप्प्यात एका कंपनीला एकाच शहरात एकापेक्षा जास्त वाहिन्या घेऊ देण्यामागे असा एक तर्क होता, की दुसरी वाहिनी मिळाली की कंपन्या वेगळा प्रकार हाताळतील. कुणी जुनी गाणी लावेल, कुणी शास्त्रीय, कुणी प्रादेशिक. कंपन्यांनी दुसऱ्या वाहिन्या घेतल्या. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी पहिलीवर नवी हिंदी गाणी आणि दुसरीवर थोडी जुनी हिंदी गाणी, असा वेगळेपणा आला. बाजार आपोआप विविधता आणतो, हे म्हणणं निदान रेडिओपुरतं तरी मला पटत नाही.

ज्यांना अजून वाटतं की चांगला मालक मिळाला की काम झालं, त्यांनी वर्ल्डस्पेस आठवावं. उपग्रहावरून येणारी ही सशुल्क रेडिओसेवा. तिच्यावर ‘गंधर्व’ नावाची चोवीस तास हिंदुस्थानी संगीताची वाहिनी होती आणि कर्नाटक संगीतासाठी ‘श्रुती’. सह्याद्रीच्या कुशीतल्या, जिथे साधं एफएम खरखरतं अशा गावातही खिडकीत अँटेना नीट लावली की स्वच्छ आवाज यायचा. लोकांनी हजारो रुपये मोजून ते खास रेडिओसंच घेतले. अमेरिकेतली मूळ कंपनी २००८ साली दिवाळखोरीत गेली आणि ३१ डिसेंबर २००९ला भारतातली सेवा बंद झाली. संगीत उत्तम होतं, निवड जाणकारांची होती, श्रोते पैसे भरत होते. तरी परदेशातल्या कर्जाच्या हिशेबात इथला मारवा राग बंद पडला. ते संच अजून काही घरांत माळ्यावर असतील. दुसऱ्या कुठल्याच कामाला ते येत नाहीत.

आता आकाशवाणी. इथे मालक तोच आहे, असं वरवर दिसतं. प्रसार भारती कायदा १९९०चा, अंमलात आला १९९७मध्ये. त्यात निरनिराळ्या प्रदेशांतल्या संस्कृती आणि भाषांना पुरेशी जागा द्यावी, असं कर्तव्य म्हणून नोंदवलेलं आहे. पण केंद्राचा खरा मालक कोण, हे पाटीवरून ठरत नाही. वेळापत्रक कोण ठरवतं यावरून ठरतं. वेळापत्रक रत्नागिरीत ठरत असेल तर ते रत्नागिरीचं केंद्र, आणि ते मुंबई-दिल्लीत ठरत असेल तर रत्नागिरीत नुसता प्रक्षेपक आहे. देशभर गेली काही वर्षं कल कुणीकडे आहे हे लपलेलं नाही. कार्यक्रम विभागातली भरती रखडलेली, वादक कलाकार निवृत्त होतात आणि जागा तशाच राहतात, मग पोकळी सहक्षेपणाने, म्हणजे दुसऱ्या केंद्राचा कार्यक्रम तसाच लावून भरायची. नागपूरहून रात्रभर चालणारी राष्ट्रीय वाहिनी बंद करण्याचा निर्णय २०१८च्या अखेरीस झाला. जून २०२३ मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग हलवण्याचा आदेश निघाला; ओरड झाली म्हणून तो थांबला. पुण्याची ओरड दिल्लीला ऐकू जाते. आमची जाईल की नाही, याची मला शंका आहे.

सहक्षेपणात वाईट काय, असं कुणी विचारेल. मुंबईचा कार्यक्रम रत्नागिरीपेक्षा सरसच असणार ना? असेलही. शास्त्रीय संगीतासाठी तर आकाशवाणीने जानेवारी २०१६ मध्ये ‘रागम’ ही चोवीस तासांची वाहिनी सुरू केली, डीटीएचवर आणि मोबाइलवर ती मिळते. तिचं मला कौतुक आहे. पण तिच्याकडे बोट दाखवून स्थानिक केंद्राचा अर्धा तास काढून घेणं हा हिशेब खोटा आहे, कारण त्या अर्ध्या तासात नुसतं संगीत वाजत नव्हतं. त्यातून एक अख्खी साखळी चालत होती.

ती साखळी अशी. देवरुख, चिपळूण, राजापूर, सावंतवाडी अशा गावांतून गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देणारी पोरं. त्यांतलं एखादं पुढे जातं, आकाशवाणीच्या स्वरचाचणीला बसतं. ‘बी ग्रेड’ मिळाली की घरात पेढे वाटले जातात, कारण ती नुसती श्रेणी नसते. तिच्या जोरावर शिकवण्या मिळतात, देवळातल्या उत्सवाचं बोलावणं येतं, लग्नाच्या बैठकीतही नावापुढे ‘आकाशवाणी कलाकार’ लागतं. मग ध्वनिमुद्रणाचा दिवस. चपला बाहेर, जाड दार, आत एसीचा गारठा. बाहेर जुळवलेला तंबोरा आत आल्यावर पुन्हा उतरतो, म्हणून तो आधी आणून ठेवायचा. काचेपलीकडचा माणूस हात वर करतो, तांबडा दिवा लागतो, आणि गावात तासभर आलापी करणाऱ्याला ठरलेल्या मिनिटांत विलंबित, द्रुत सगळं बसवावं लागतं. ही शिस्त मैफिलीत मिळत नाही. मानधन फार नसतं, पण वेळेत येतं किंवा उशिरा तरी येतं. स्थानिक मुद्रणं कमी झाली की ही साखळी मधेच तुटते. ‘रागम’वर देवरुखच्या बी ग्रेडच्या मुलीला जागा मिळणार नाही. तिथे नामवंतांचीच रांग मोठी आहे.

आणि ऐकणाऱ्याचं काय? आमच्या भागात एक भजनी बुवा होते. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यात, समोरच्याला गार करणारे. शाळा जेमतेम चौथी, गुरू असा कुणी नाही. पण तोडी आणि मुलतानी या रागांतला फरक ते पेटीवर वाजवून दाखवायचे. जाणकारांना माहीत आहे, दोन्हींत स्वर तेच: कोमल रिषभ, गंधार आणि धैवत, तीव्र मध्यम. फरक चलनाचा, म्हणजे त्या स्वरांवरून फिरायच्या वाटेचा. मुलतानीत आरोहात रिषभ-धैवत वगळून षड्जावरून थेट गंधाराकडे आणि पुढे पंचमाकडे जायचं. हे कुठे शिकलात, असं विचारलं तर म्हणायचे, रेडिओवर. एक सकाळी लागायचा, न्याहारीच्या वेळेला; दुसरा उतरत्या दुपारी. रेडिओने त्यांना राग त्यांच्या प्रहरासकट दिले. त्यांच्या गजरात मग तोडीचे ते सूर यायचे आणि रात्रभर बसलेल्या वाडीला, रागाचं नाव न कळता, तोडी ऐकायला मिळायची. दशावतारातल्या पायपेटीपर्यंत, नाट्यगीतांच्या जागांपर्यंत, गणपतीतल्या भजनांपर्यंत हे पाणी असंच झिरपत गेलंय. कोकणातला शास्त्रीय संगीताचा श्रोता सभागृहात फार सापडणार नाही. रत्नागिरीत ‘खल्वायन’च्या मैफिली असतात, थिबा राजवाड्यावर ‘आर्ट सर्कल’चा महोत्सव होतो, गर्दीही होते. पण त्याच्या कितीतरी पट श्रोते हे असे, भजनाच्या वाटेने आलेले आहेत. त्यांची नोंद कुठल्याच श्रोतृ-पाहणीत होत नाही.

यूट्यूबवर सगळं आहे, हा आक्षेप येणार हे मला माहीत आहे. आहेच सगळं. मीही ऐकतो. पण तिथे जे शोधाल ते मिळतं, आणि मुलतानी शोधायला आधी मुलतानी असं काही असतं हे कळावं लागतं. बुवांना ते कळलं कारण भाताची मळणी चालू असताना ओटीवर रेडिओ लागलेला होता आणि पुढचं गाणं कुठलं हे त्यांच्या हातात नव्हतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे आणि तो टाळून चालणार नाही. आकाशवाणीने एकदा शास्त्रीय संगीत लोकांच्या गळी उतरवायचा प्रयत्न केलाच होता. बाळकृष्ण केसकर १९५२ ते १९६२ या काळात माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. संगीताची जाण असलेले, मराठी. त्यांनी संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, संगीत संमेलनं भरवली, स्वरचाचण्यांची पद्धत घट्ट केली. आणि सिनेसंगीत आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार केलं. लोक सरळ रेडिओ सिलोनकडे वळले. शेवटी ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. त्याच आकाशवाणीवर १९४० ते १९७१ हार्मोनियमला बंदी होती, कारण तिच्यात श्रुती, म्हणजे स्वरांमधले बारीक भेद, नाहीत आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड नाही. शास्त्र म्हणून खरं असेल. पण ज्या मुलखात पेटीशिवाय भजन उभं राहत नाही, दशावताराचा पडदा उघडत नाही, तिथल्या गाणाऱ्याने रेडिओ म्हणजे आपली वस्तू असं का म्हणायचं? केसकरांची आठवण लोक माझ्यासारख्यांना गप्प करायला काढतात. मला त्यातून उलटंच दिसतं. मालक गाण्यातला दर्दी असला तरी त्याच्या लहरीवर केंद्र चालवणं धोक्याचंच. एका दर्दी मंत्र्याने वेळ वाढवली, पुढच्याने कमी केली; दोन्ही वेळा रत्नागिरीत बसलेल्याला कुणी विचारलं नाही. म्हणून मी चोवीस तास शास्त्रीय संगीत मागत नाही. थोडा वेळ मागतो, पण तो पक्का हवा.

असं कुठे होतं का? ब्रिटनमध्ये झालेलं आहे. तिथल्या १९९०च्या प्रसारण कायद्याने राष्ट्रीय पातळीवरच्या खासगी रेडिओ परवान्यांपैकी एक परवाना ‘पॉप नसलेल्या’ संगीताला राखून ठेवला. त्या परवान्यावर सप्टेंबर १९९२ मध्ये क्लासिक एफएम सुरू झालं. पुढे ते जीडब्ल्यूआर समूहाने घेतलं, त्याचं विलीनीकरण होऊन जीकॅप झालं, २००८ साली ग्लोबलने जीकॅप विकत घेतलं. मालक इतके बदलले, पण पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत तिथेच राहिलं, कारण अट परवान्याला चिकटलेली होती. न्यूयॉर्कमध्ये याच्या उलट. डब्ल्यूक्यूएक्सआर हे शास्त्रीय संगीताचं नामांकित केंद्र कित्येक दशकं न्यूयॉर्क टाइम्सच्या मालकीचं होतं. २००९ साली टाइम्सने ते सोडलं. दणकट ताकदीची ९६.३ मेगाहर्ट्झची जागा स्पॅनिश वाहिनी चालवणाऱ्या कंपनीकडे गेली आणि शास्त्रीय संगीत सार्वजनिक रेडिओच्या आश्रयाने कमी ताकदीच्या १०५.९वर जाऊन बसलं. केंद्र वाचलं म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. लांबच्या उपनगरांत ज्यांचा आवाज गेला ते अर्थात त्या टाळ्यांत नव्हते. कोकणात हे नीट ध्यानात घ्यायला हवं. एफएमची लहर सरळ रेषेत जाते, आमच्याकडे दर चार मैलांवर डोंगर आडवा येतो, आणि जुनी मध्यम लहर जशी डोंगराला वळसा घालून, समुद्रावरून होड्यांपर्यंत पोचायची तशी ही पोचत नाही. कार्यक्रम राहिला आणि ताकद कमी झाली, तर खाडीपलीकडच्या गावासाठी तो बंदच झालेला असतो.

क्लासिक एफएमवरही टीका होते, की एकेका रचनेचा गोड तुकडा तोडून वाजवतात. ती टीका रास्त आहे. म्हणून आपल्याकडे अट घालायची तर ती मिनिटांची हवी. ख्यालाला सलग अर्धा तास. तीन मिनिटांची तराण्याची चुणूक लावून ‘शास्त्रीय संगीत दिलं’ अशी नोंद करता येऊ नये. अटीत निम्मा वेळ त्या केंद्राच्या टप्प्यातल्या दोन-तीन जिल्ह्यांत मुद्रित झालेल्या गाण्या-बजावण्याला राखलेला असावा, आणि त्यात नाट्यसंगीत आणि रागावर बांधलेलं भजन धरावं. शुद्धतावाद्यांनी नाक मुरडलं तरी चालेल. हार्मोनियमच्या वेळी त्यांचं ऐकून काय झालं ते वर आलंच आहे. वेळ मध्यरात्रीचा किंवा पहाटे पाचचा नको. आणि खासगी परवान्यात ही अट हस्तांतरानंतरही नव्या मालकाला बांधील असावी. केंद्राच्या बोलीच्या किमतीवर त्याचा परिणाम होईल, होऊ दे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितलंय की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती वापरायला देताना जनतेने थोडं भाडं संगीतात मागितलं तर कंपन्या बुडणार नाहीत.

सामुदायिक रेडिओ हा एक पर्याय सुचवला जातो. चांगला आहे. २००६च्या धोरणापासून स्वयंसेवी संस्थांनाही तो काढता येतो आणि निम्मा कार्यक्रम स्थानिक असावा लागतो. पण शंभर वॅटच्या प्रक्षेपकाचा आवाज आमच्या घाटमाथ्यांच्या सावलीत फार लांब जात नाही. एखाद्या कॉलेजाभोवतीच्या गावांना तो पुरेल, जिल्ह्याला नाही. आकाशवाणीची जबाबदारी त्याच्यावर ढकलता येणार नाही.

सगळ्यात तातडीचं काम मात्र वेगळंच आहे, आणि त्याला ना परवाना लागतो ना कायदा. १९७७पासून रत्नागिरी केंद्रात जे मुद्रित झालं, कीर्तनकार, भजनी बुवा, संगीत नाटकातले नट, तालुक्या-तालुक्यातले गवई, त्याची यादी छापील स्वरूपात बाहेर यायला हवी. काय आहे, कुठल्या फितीवर आहे, किती पुसलं गेलं, किती डिजिटल झालं. फिती महाग होत्या तेव्हा जुन्यावर नवं मुद्रित करणं ही सगळ्याच केंद्रांची रीत होती, त्यामुळे यादीत भोकं असणार. तरी हवी. कारभार आणखी वर सरकला तर ही मुद्रणंही वर जातील, आणि एकदा दुसऱ्या शहराच्या कपाटात गेलेली फीत परत मागायला आपल्याकडे कागदही नसेल. केंद्र वाचवा म्हणून सह्यांची निवेदनं आजवर बरीच गेली असतील. पुढचं निवेदन देणाऱ्यांनी त्यात ‘वाचवा’ हा शब्द न घालता दोन गोष्टी मागाव्यात: ही यादी, आणि गेल्या दहा वर्षांत दर आठवड्याला स्थानिक शास्त्रीय संगीताला किती मिनिटं मिळाली त्याचा तक्ता. माहितीच्या अधिकारात दोन्ही मागता येतात, अर्जाचं शुल्क दहा रुपये आहे.